'परकीय धरून'

खंडेराव मार्केटची इमारत समोरून पाहिली तर कुणी भाजीबाजार म्हणणार नाही. घुमट, कमानी, मोठं थोरलं दार. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली ती बांधली आणि तिला आपल्या दत्तक वडिलांचं, खंडेराव महाराजांचं नाव दिलं. पुढच्या भागात आता महानगरपालिकेच्या कचेऱ्या आहेत आणि मागे भाजी, फळं, फुलं. पुढे फायली, मागे मेथीच्या जुड्या. बडोद्याच्या आम्हा मराठी बायकांचं अर्धं आयुष्य या मागच्या भागात गेलं. चातुर्मासात पालेभाजी बंद, कंदमुळं तर बाराही महिने बंद, त्यामुळे आम्हा जैन बायकांची पिशवी इतरांपेक्षा लवकर भरते आणि गप्पांना वेळ उरतो.

२०२३ च्या जानेवारीत, उत्तरायणाच्या आदल्या आठवड्यात, तिथे एक परदेशी बाई दिसली. साठीच्या आसपासची, एकटीच. उंधियूसाठी आलेल्या कोनफळांच्या जांभळ्या ढिगाचे फोटो काढत होती. पाठीवरच्या पिशवीची चेन अर्धी उघडी. कोथिंबीरवाली बेन उठली, तिच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "बेन, थेलो आगळ राखो." त्या बाईला गुजराती कुठलं कळायला! मग बेननं स्वतःची कापडी पिशवी पोटाशी धरून दाखवली. बाई हसली, पिशवी पुढे घेतली, दोन्ही हात जोडून पुढे गेली.

माझ्याबरोबर शेजारच्या काकू होत्या. ऐंशीच्या घरातल्या, तब्येतीनं ठणठणीत. त्या लगेच म्हणाल्या, "आता हे असं सांगावं लागतं बघ. आणीबाणीत कुणाची छाती नव्हती. गाड्या वेळेवर, दुकानात भावाच्या पाट्या, चोरांना धाक. गोरा माणूस मध्यरात्री एकटा हिंडला तरी सुखरूप घरी जायचा."

हे वाक्य मी काही पहिल्यांदा ऐकलं नाही. भिशीत ऐकलंय, मंदिराच्या पायरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. सांगणारी माणसं चांगली असतात, कुणाचं वाईट चिंतणारी नसतात. त्यांना घरातल्या लेकीबाळी सुरक्षित हव्या असतात, इतकंच. म्हणूनच हे वाक्य एकदा नीट पाखडून बघावं असं माझ्या मनात आलं. त्यातच डिसेंबर २०२२ मध्ये बातमी आली होती की चार्ल्स शोभराजला नेपाळच्या तुरुंगातून सोडलं. परदेशी प्रवाशांना लुबाडणारा, मारणारा तो माणूस, आणि तो भारतात पकडला गेला तो नेमका आणीबाणीच्याच काळात. काकूंच्या वाक्याची परीक्षा घ्यायला याहून जवळचं उदाहरण कुठलं?

आणीबाणी लागली तेव्हा मी दहा वर्षांची होते. माहेरही बडोद्याचंच. २५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली, पण त्या वेळी गुजरातेत बाबूभाई पटेलांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, दिल्लीच्या विरोधातलं. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने इथे बाकीच्या देशापेक्षा मोकळा श्वास घेता येत होता. मार्च १९७६ मध्ये ते सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली आणि त्याच महिन्यात आमच्या शहराचं नाव 'बडोदा डायनामाइट' प्रकरणानं देशभर झालं. मला त्यातलं राजकारण कळत नव्हतं. एवढं आठवतं की वडील वर्तमानपत्र वाचता वाचता काही बोलायचे, आई खिडकीकडे बघायची आणि ते गप्प व्हायचे. खिडकीबाहेर कुणी नसायचं. तरीही गप्प व्हायचे.

माझे धाकटे दीर वकील आहेत. मी बी. ए. झालेली, कायद्याची पुस्तकं माझ्या वाटेला गेली नाहीत. त्यांना विचारलं, "भाऊजी, आणीबाणीत परदेशी प्रवाशाला कायद्याचं संरक्षण किती होतं?" ते म्हणाले, "वहिनी, त्याचं उत्तर एका कंसात आहे." आणि त्यांनी मला २७ जून १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश वाचून दाखवला. घटनेच्या ३५९ व्या कलमाखाली काढलेला. त्याचा मराठीत अर्थ असा, की घटनेच्या १४, २१ आणि २२ या कलमांनी दिलेले हक्क मिळवण्यासाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याचा कोणत्याही व्यक्तीचा (परकीय धरून) अधिकार आणीबाणी असेपर्यंत स्थगित राहील.

'परकीय धरून' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

हे शब्द तिथे का घालावे लागले, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या घटनेतले काही हक्क फक्त नागरिकांना आहेत. भाषणाचं स्वातंत्र्य, संघटना करण्याचं स्वातंत्र्य, हे १९ व्या कलमातले हक्क नागरिकांचे. पण १४ वं कलम, म्हणजे कायद्यापुढे समानता, आणि २१ वं कलम, म्हणजे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य, यांत 'नागरिक' हा शब्दच नाही. तिथे 'व्यक्ती' आहे. पासपोर्ट कुठल्याही देशाचा असो, या भूमीवर पाऊल ठेवलं की तो माणूस व्यक्ती ठरतो आणि विनाकारण कोंडून ठेवलं तर न्यायालयाचं दार ठोठावू शकतो. घटना लिहिणाऱ्यांनी पाहुण्यासाठी हे दार मुद्दाम उघडं ठेवलं. आणीबाणीत ते आपल्यासाठी बंद झालं, तेव्हा पाहुणा तेवढा आत राहू नये म्हणून त्याचंही नाव आदेशात घातलं.

आता काकूंच्या बाजूनंही बोलायला हवं. आणीबाणीत भारतीय दंडविधान काही बंद पडलं नव्हतं. प्रवाशाचं पाकीट मारलं तर तो गुन्हाच होता, पोलीस पकडू शकत होते, खटला चालू शकत होता. बंद होता तो दुसरा रस्ता. चोरानं लुटलं तर चौकीवर जाता येत होतं, पण चौकीनंच विनाकारण कोंडलं तर हे तीन हक्क सांगून न्यायालयात दाद मागता येत नव्हती. घराचं पुढचं दार दणकट केलं आणि आतून बाहेर पडायची कडी काढून घेतली, असं काहीसं.

शोभराजची गोष्ट इथे येते. १९७५ आणि ७६ साली थायलंड आणि नेपाळमध्ये तरुण पाश्चात्त्य प्रवासी मारले जात होते. तो काळ युरोपातून बसनं, रेल्वेनं, मिळेल त्या वाहनानं काबूल, दिल्ली, काठमांडू, गोवा करत हिंडणाऱ्या पोरापोरींचा. घरी महिना-महिना पत्र गेलं नाही तरी कुणी काळजी करत नसे. एखादा नाहीसा झाला तर ते कळायलाच कितीतरी दिवस जायचे. बँकॉकमधला हर्मन क्निपेनबर्ग नावाचा तरुण डच राजनैतिक अधिकारी आपल्या देशाच्या दोन प्रवाशांचा शोध घेत या माणसापर्यंत पोचला, पण तोवर शोभराज निसटला होता. दुसऱ्यांच्या पासपोर्टांवर तो देशामागून देश ओलांडत होता, आणि १९७६ साली तो भारतात होता. म्हणजे ज्या वर्षी गोरा माणूस मध्यरात्री बिनधास्त हिंडत होता असं आपण म्हणतो, त्याच वर्षी, त्याच कडक शिस्तीच्या देशात तो गोऱ्या माणसांशी मैत्री करून त्यांना औषधं पाजत होता.

मग तो सापडला कसा? जुलै १९७६ मध्ये दिल्लीच्या विक्रम हॉटेलात फ्रेंच विद्यार्थ्यांचा एक मोठा गट उतरला होता. वाटाड्या म्हणून शोभराज त्यांच्यात मिसळला आणि पोट बिघडू नये म्हणून त्यानं गोळ्या वाटल्या. गोळ्यांचा असर त्याच्या हिशोबापेक्षा लवकर झाला. मुलं तिथेच धडाधड पडू लागली. काही शुद्धीवर होती, त्यांच्या लक्षात आलं, त्यांनीच त्याला धरलं आणि पोलिसांना बोलावलं. यात आणीबाणीचा धाक कुठे आला? जागी राहिलेली चार मुलं होती आणि बोलावल्यावर आलेले पोलीस होते. या दोन गोष्टी कुठल्याही साध्या दिवशी असू शकतात.

त्याच्या दहा आठवडे आधी, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं जबलपूर खटल्याचा निकाल दिला होता. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की आणीबाणी असली तरी बेकायदा अटकेविरुद्ध माणूस आमच्याकडे येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ते अमान्य केलं. त्या सुनावणीतला एक प्रसंग भाऊजींनी सांगितला तेव्हा हातातला चहा निवून गेला. न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवाद्यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं खासगी वैरातून कुणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे का? उत्तर आलं की आणीबाणी असेपर्यंत नाही. खन्नांनी एकट्यानं विरोधी निकाल लिहिला. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

काकूंना मी हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण बाई, हे सगळं पुढाऱ्यांना. प्रवाशाच्या वाटेला कोण जातंय?" मी म्हटलं, "काकू, प्रवाशाच्याच वाटेला जाणं सगळ्यांत सोपं. त्याला भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, वकील कुठे मिळतो माहीत नाही." परक्या देशात अटक झाली तर आपल्या वकिलातीला कळवा म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात लिहिलेला आहे. भारत त्या करारात आला १९७७ च्या अखेरीस, म्हणजे आणीबाणी उठल्यावर. त्याच कराराच्या आधारे आपण कुलभूषण जाधवांसाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो आणि १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्ताननं करार मोडल्याचं त्या न्यायालयानं म्हटलं. परकीयाचे हक्क म्हणजे कुणा दुसऱ्याचे हक्क, असं आपल्याला वाटतं. सरहद्द ओलांडली की ते आपलेच होतात.

आता मनाला जड जाणारा भाग. शोभराजला तिहार तुरुंगात लोखंडी दांड्याच्या बेड्या घातल्या होत्या. मधले फार तर पंधरा दिवस सोडले तर जवळजवळ दोन वर्षं, दिवसाचे चोवीस तास. आणीबाणी उठल्यावर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये सुनील बात्रा यांच्या याचिकेबरोबर निकाल लागला. कैदी झाला म्हणून माणूस व्यक्ती राहत नाही असं होत नाही, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय, कारणं न नोंदवता, अशा बेड्या अखंड ठेवता येणार नाहीत, असं न्यायालयानं सांगितलं. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. दोन वर्षांपूर्वीच्या जबलपूर निकालात बहुमताबरोबर गेलेले तेच.

काकू म्हणाल्या, "असल्या राक्षसाला कशाला हवेत हक्क? ज्या आयांची पोरं गेली, त्यांना विचारा." या प्रश्नाला मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्या आयांचं दुःख खरं आहे, आणि त्याचं उत्तर खटल्यात, पुराव्यात आणि शिक्षेत असायला हवं. दोन वर्षांच्या बेड्यांनी एकाही आईला आपल्या मुलाचं काय झालं हे कळलं नाही. उलट बाजूनं बघा. विक्रम हॉटेलातली ती फ्रेंच मुलं आणि तो शोभराज, दोघंही परकीय. जे कलम त्या मुलांचं जीवित राखतं तेच त्यालाही लागू होतं. त्याच्यासाठी ते पुसलं तर मुलांसाठीही पुसलं जातं, कारण कागदावर तो एकच शब्द आहे. आपल्या धर्मात सगळ्या दानांत अभयदान श्रेष्ठ म्हणतात. ते देताना समोरचा जीव कोणत्या गावचा हे विचारायची रीत नाही.

आणि गुन्हेगार पकडायला आणीबाणी लागत नाही, हे तर आपल्या मराठी पोलीस अधिकाऱ्यानंच दाखवून दिलं. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून शोभराज तिहारमधून पळाला. तेव्हा देशात आणीबाणी नव्हती. तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात जेवणाच्या टेबलावर धरलं. याच झेंड्यांनी त्याला १९७१ साली मुंबईतही पकडलं होतं, म्हणून चेहरा ओळखीचा होता. चेहरा लक्षात ठेवणं, माग काढणं, हॉटेलात दिवस दिवस वाट बघत बसणं. चांगला पोलीस असाच असतो. त्याला न्यायालयाची अडचण होत नाही.

आणीबाणी गेल्यावर देशानं एक शहाणपण केलं. ४४ व्या घटनादुरुस्तीनं ३५९ वं कलम बदललं. आता आणीबाणी आली तरी २० आणि २१ या कलमांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. 'कोणत्याही व्यक्तीचा' म्हणजे अर्थात परकीय धरून. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं जबलपूर निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं. लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांचा निकाल मुलानं खोडला. आपल्या घरांत हे किती अवघड असतं ते आपल्याला माहीत आहे.

मराठीत 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे मला फार आवडतं. २६ फेब्रुवारी १९९८ ला बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीवर हावडा स्टेशनच्या यात्री निवासात रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला. कोलकात्याच्या वकील चंद्रिमा दास तिच्यासाठी उच्च न्यायालयात गेल्या. भरपाई द्यायला रेल्वेची हरकत होती, आणि त्यातला एक मुद्दा असा की ही बाई परदेशी आहे. जानेवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो झिडकारला. २१ वं कलम व्यक्तीला आहे आणि ही व्यक्ती आहे, असं सांगून दहा लाखांची भरपाई कायम केली. पंचवीस वर्षांपूर्वी 'परकीय धरून' म्हणत जे दार लावलं होतं, ते एका परक्या बाईसाठी सताड उघडलं. उघडायला एक बाईच उभी राहिली.

तरीही प्रवाशाची अडचण संपली असं नाही. त्याच्याकडे वेळ नसतो. माझ्या भाचीची एक फ्रेंच मैत्रीण काही वर्षांपूर्वी आपल्याकडे फिरायला आली होती. रेल्वेत तिची पर्स गेली, पासपोर्टसकट. एका शहरातल्या चौकीत तिला सांगितलं, उद्या या, साहेब नाहीत. उद्या तिची पुढची गाडी होती. तक्रारीच्या कागदाशिवाय वकिलातीत नवा पासपोर्ट मागणं कठीण. भाची हट्टानं तिथेच बसून राहिली, तेव्हा रात्री नऊला कागद मिळाला. त्या पोरीला पर्सपेक्षा त्या सहा तासांचं जास्त वाईट वाटलं.

म्हणून आपल्यासारख्या बायकांना माहीत असाव्यात अशा दोन-तीन गोष्टी सांगते. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पहिली तक्रार जवळच्या ठाण्यात घेता येते, तिला 'झिरो एफआयआर' म्हणतात. साक्षीसाठी प्रवाशाला समुद्र ओलांडून परत यावंच लागतं असंही नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकेतल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला मान्यता दिली. आणि पर्यटन मंत्रालयाचा १३६३ हा मदतीचा क्रमांक आहे, त्यावर परदेशी भाषांतूनही बोलता येतं. पावागड-चांपानेर जागतिक वारसा झाल्यापासून आणि नवरात्रीतल्या गरब्यासाठी आपल्या शहरात परदेशी पाहुणे येतात. कुणी गोंधळलेलं दिसलं तर हा नंबर लिहून द्या, आणि जमलं तर चौकीत बरोबर जा. दोन बायका बाकावर ठाण मांडून बसल्या की साहेब लवकर येतात, हा अनुभव आहे.

माझी मुलगी सध्या मेलबर्नला आहे. पहिल्या आठवड्यात तिनं तिथल्या विद्यापीठानं दिलेला कागद मला फोनवर वाचून दाखवला, काही झालं तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा. त्या देशात ती परकीय. मी तिला सांगितलं, पासपोर्टची एक प्रत वेगळ्या पिशवीत ठेव, आणि आपल्या वाणिज्य दूतावासाचा नंबर पाठ कर. ती म्हणाली, "आई, पाठ कशाला? फोनमध्ये आहे." मी म्हटलं, "फोनच गेला तर?" तेव्हा कुठे तिनं तो डायरीत लिहून घेतला. मीही इथे देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, आणि त्याच्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यासाठी, १३६३.